भाऊ येऊन गेले

आमच्याकडे कुणाच्या घरी हळद, लग्न, बारसं, वास्तुशांत, उत्तरकार्य, काहीही उरकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, जेवण पुरलं का? आणि दुसरा, भाऊ आले होते का?

भाऊ येऊन गेले असतील तर विषय तिथंच मिटतो. आले नसतील तर तो पुढच्या निवडणुकीपर्यंत मिटत नाही.

भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचे नगरसेवक. शहापूर आणि मुरबाड या दोन गावांपैकी एक माझं गाव आणि दुसरी माझी सासुरवाडी. कुठलं कोणतं, ते मी सांगणार नाही. हे वाचून शहापूरकरांनी म्हणावं, ‘हे मुरबाडचंच’, आणि मुरबाडकरांनी म्हणावं, ‘शहापूरशिवाय असं कुठं होणार’, एवढी सोय मी करून ठेवली आहे. मला दोन्हीकडे जेवायला जायचं असतं.

२०१५ सालापर्यंत दोन्हीकडे ग्रामपंचायत होती. मग तालुक्याच्या गावांना नगरपंचायत द्यायचं सरकारनं ठरवलं आणि आम्ही एका रात्रीत शहरी झालो. सकाळी उठून बघतो तर समोरच्यांची म्हैस होती तिथंच होती, तिचं शेणही होतं तिथंच होतं. फरक एवढाच, की आता ते घनकचऱ्यात मोडत होतं. ग्रामपंचायतीचे जुने सदस्य मात्र त्याच आठवड्यात शिंप्याकडे पांढऱ्या लिननचं कापड टाकून आले. सदस्याला टेरिकॉट चालतं, नगरसेवकाला लिनन लागतं.

नगरसेवक म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांपुढे मुंबई येत असेल. मुंबईत नगरसेवक २२७. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाखांच्या घरात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला पन्नास-पंचावन्न हजार माणसं. तिथला नगरसेवक पाच वर्षं दिसला नाही तरी कुणाला राग येत नाही. बॅनरवर तर आहे ना! आमचं गणित निराळं. नगरपंचायत असते ती साधारण दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या गावाला, आणि नगरसेवक सतरा. भागाकार करून पाहा, एका नगरसेवकामागे सहाशे ते दीड हजार माणसं येतात. त्यातली पोरंटोरं वजा करा. मत इथं आणि संसार डोंबिवलीत अशी मंडळी वजा करा. उरतात त्यातली निम्मी भावकी आणि निम्मे सोयरे. भाऊंना मतदारयादी लागतच नाही. कुणाच्या घरात किती मतं, त्यातली कल्याणला किती, माहेरी किती आणि यादीत असूनही वर गेलेली किती, हे त्यांना पाठ आहे.

मतदारांनाही भाऊ तितकेच पाठ आहेत. त्यांच्या मोटरसायकलचा आवाज पोरं झोपेत ओळखतात. ‘भाऊ घरी नाहीत’ असं सांगायची सोय नाही, कारण दारातल्या चपला बोलतात. एकदा त्यांनी चपला आत घेऊन ठेवल्या, तर ‘भाऊ आजारी आहेत’ अशी बातमी पसरून संध्याकाळपर्यंत अकरा जण नारळपाणी घेऊन भेटायला आले. अकराही जणांची कामं होती.

गेल्या निवडणुकीत तर उमेदवारांची फारच पंचाईत झाली. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात गेला आणि त्या जागांची निवडणूक अडकली. बाकीच्या वॉर्डांचं मतदान २१ डिसेंबर २०२१ ला झालं, अडकलेल्यांचं १८ जानेवारी २०२२ ला, आणि मोजणी सगळ्यांची एकदमच, १९ जानेवारीला. म्हणजे मत देऊन झालं आणि निकालाला एकोणतीस दिवस! एरवी उमेदवार मतदानापर्यंत हात जोडतो आणि निकाल लागला की मोकळे सोडतो. त्या एकोणतीस दिवसांत हातांचं काय करावं हेच कुणाला कळेना. मतं तर यंत्रात बंद. आता फिरून एक मत वाढायचं नव्हतं. पण कुणाच्या बारशाला गेलं नाही तर ‘पडणार हे कळलंय, तोंड लपवतोय’, आणि गेलं तर ‘अजून कसली आशा धरून फिरतोय’. तरी बिचारे सगळे फिरले. माझ्या हयातीत उमेदवार निव्वळ माणुसकीनं दारात आलेले मी तेवढेच दिवस पाहिले.

नगरपंचायत आली आणि एक गोष्ट गेली, ती म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. झेंडावंदन झालं की शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी पडायची. गणपूर्ती व्हायची नाही, सभा तहकूब व्हायची, पण तहकूब होण्याआधी अर्धा तास जे काही व्हायचं त्यासाठीच माणसं यायची. आमच्या आळीतले तात्या तर इस्त्रीचं धोतर नेसून यायचे. तात्यांच्या दारापुढून एक उघडं गटार जातं. ते बंदिस्त करावं, ही त्यांची मागणी. मी नोकरीला लागलो तेव्हा ती जुनी होती आणि निवृत्त झालो तेव्हा पोक्त झाली होती. ग्रामसेवक बदलले, सरपंच बदलले, तात्यांचं वाक्य बदललं नाही: “मी विचारतो, मेल्यावर करणार का?”

नगरपंचायतीला ग्रामसभा नसते. सतरा जणांची सर्वसाधारण सभा असते, तिच्यात तात्यांना उभं राहून बोलता येत नाही. कायद्यानं त्यांच्या पायाखालची सतरंजीच काढून घेतली. मग नगरसेवकाला गाठायचं कुठं? ऑफिस आहे, गाळा भाड्यानं घेतला आहे, आत सोफा आहे, पाण्याचा जार आहे. पण ऑफिसात भाऊ नगरसेवक असतात. ते माणूस म्हणून सापडतात पंगतीत.

मे महिना घ्या. आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला गाव येतं आणि हळदीला पोट येतं. एका रात्री वॉर्डात आणि आजूबाजूला मिळून पाच-पाच हळदी. भाऊ संध्याकाळी अंघोळ करून, लिनन चढवून, खिशात पाकिटांची चळत घालून निघतात. पहिल्या मांडवात ते ताट घेतात. दुसऱ्यात मटणाच्या रश्श्यात तांदळाच्या भाकरीचा कोपरा बुडवतात. तिसऱ्यात नुसते पंगतीला बसतात आणि बाजूच्याला आग्रह करतात. चौथ्यात पाणी पितात. पाचव्यात पोचतात तेव्हा जेवणारे हात धुऊन बेंजोच्या तालावर गेलेले असतात, आणि नेमका तिथला यजमान हात धरून म्हणतो, “भाऊ, त्यांच्याकडं जेवलात म्हणं.” या वाक्याला उत्तर नाही. भाऊ बसतात. नगरसेवकाला मानधन मिळतं ते मला माहीत आहे. ॲसिडिटीचा भत्ता मिळत नसावा, कारण ती गोळी ते अजून माझ्याकडून मागून घेतात.

लग्नात काम थोडं सोपं, पण धोका जास्त. तिथं माईक असतो. माईकवरचा निवेदक आलेल्या मान्यवरांची नावं घेत असतो आणि नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी असतात. मुहूर्त पाच वाजून बावीस मिनिटांचा. पाच चाळीसला माजी सभापतींचं आगमन होतं. अंतरपाट धरलेल्या दोन्ही मामांचे हात भरून येतात. “आणि आपल्या वॉर्डाचे कार्यसम्राट, गोरगरिबांचे कैवारी…” असं सुरू झालं की मंगलाष्टकवाले गुरुजी घड्याळ उलटं फिरवून खिशात ठेवतात. एका लग्नात भाऊंचं नाव घ्यायचं राहिलं. त्यांनी काही मनावर घेतलं नाही. त्यांच्याबरोबरच्या तिघांनी घेतलं. तांदूळ पडायच्या आत चिठ्ठी गेली, नाव घेतलं गेलं, मगच ती मुलगी सासरी गेली.

आणि काम सांगायचं ते पंगतीतच. वाढपी हा आमच्याकडचा खरा विरोधी पक्षनेता. रश्श्याची बादली घेऊन तो भाऊंच्या पुढ्यात थांबतो, वाटी भरतो आणि डाव वर घेऊन म्हणतो, “भाऊ, खांबावरचा दिवा महिना झाला बंद आहे.” भाऊंच्या तोंडात घास. मान हलवावीच लागते. ती हलली की दुसरा डाव पडतो.

कायद्यानं बघाल तर नगरसेवकाचं काम सरळ आहे. गटार, रस्ता, दिवाबत्ती, पाणी, कचरा, स्मशान. पण कळव्याच्या हॉस्पिटलात बेड, पोलिसांनी उचलून नेलेली मोटरसायकल, अकरावीचं ॲडमिशन, भिशीतलं भांडण, हे सगळं त्यांच्याचकडे येतं. जातीचा दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो. शहापूरचा प्रांत भिवंडीला बसतो आणि मुरबाडचा कल्याणला, म्हणजे दाखल्याच्या आधी एसटीचं भाडं. भाऊ नुसता फोन करतात. पलीकडून काय उत्तर येतं ते आम्हाला ऐकू येत नाही, पण फोन आमच्यासमोर केला याचं समाधान मोठं.

मुरबाडकरांचा तर हक्काचा प्रश्न म्हणजे रेल्वे. कल्याण-मुरबाड रेल्वे इतक्या निवडणुकांत येऊन गेली आहे की आजोबांनी विचारलेला प्रश्न आता नातू विचारतो. रेल्वे केंद्र सरकारची. नगरसेवकाचा तिच्याशी संबंध एवढाच, की ती आली तर तोही तिकीट काढून बसेल. पण म्हणून ‘हे माझ्या हातात नाही’ असं म्हणायचं नसतं. हे वाक्य ज्यानं उच्चारलं तो पुढच्या खेपेला घरी बसला. त्याऐवजी ‘बघतो’ म्हणायचं. ‘बघतो’मध्ये कधी बघतो, काय बघतो, कुणाकडे बघतो यातलं काहीच नसतं, तरी ऐकणाऱ्याला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. प्रकरण जरा वरचं असेल तर ‘साहेबांच्या कानावर घातलंय’. साहेबांचे कान हे आमच्या तालुक्यातलं सर्वांत मोठं साठवण असावं.

साठवणावरून आठवलं. पाण्याचा विषय निघाला की भाऊ विनोद करत नाहीत, म्हणून मीही करणार नाही. मुंबईचे नळ ज्या पाण्यावर चालतात त्यातलं बरंच शहापूर तालुक्यातून जातं. तानसा १८९२ चं. पुढे भातसा झालं, मध्य वैतरणा झालं. आणि एप्रिल उजाडला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंड्यांची रांग राखत बसतात. धरणाचा डोंगर अंगणातून दिसतो आणि हंडा रिकामा. आमच्या गावात निदान नळ आहे. तो किती वाजता येणार हे नगरसेवकाला विचारतात आणि नगरसेवक ते व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला विचारतो. अख्ख्या वॉर्डात भाऊ ज्याला आधी नमस्कार करतात असा तो एकच. त्याच्या मुलीच्या हळदीला सतराच्या सतरा हजर होते, सर्वपक्षीय, आणि सगळे पोटभर जेवले.

इथवर आल्यावर एक गोष्ट सांगून टाकायला हवी. भाऊ नगरसेवक नाहीत.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या. पहिल्या वेळेला वॉर्ड खुला होता, भाऊ निवडून आले. दुसऱ्या वेळेला चिठ्ठी निघाली आणि वॉर्ड महिलांसाठी गेला. भाऊंनी दोन दिवस दाढी केली नाही. तिसऱ्या दिवशी गुळगुळीत होऊन बाहेर पडले आणि वहिनींचा अर्ज भरला. निवडून वहिनी आल्या, हार भाऊंना पडले. तेव्हापासून कागदावर वहिनी आणि तोंडात भाऊ, अशी आमच्या वॉर्डाची घटना आहे. आम्हालाही त्यात काही वावगं वाटेना. वहिनी सभेला जातात, सही करतात, घरी येऊन स्वयंपाकाला लागतात, आणि ‘सभेत काय झालं’ हे भाऊ ओट्यावर अर्धा तास रंगवून सांगतात. ते सभागृहात नव्हते हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बहुधा त्यांच्याही.

बॅनरवर मात्र दोघं असतात. भाऊ कमरेपर्यंत, मोबाइल कानाला. वहिनी वरच्या कोपऱ्यात, गोलात, डोक्यावर पदर. खाली शुभेच्छुकांची दोन रांगांत मुंडकी. आमच्या चौकात दसऱ्याला लागलेला बॅनर दिवाळीला उतरतो, कारण तिथं दिवाळीचा लावायचा असतो. पावसाळ्यात चेहरे धुऊन जातात आणि नावं तेवढी राहतात. लोक याला हल्लीचं खूळ म्हणतात. मला ते पटत नाही, कारण मी नाणेघाटात जाऊन आलो आहे.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्यानं निघालं की वैशाखऱ्याच्या पुढून नाणेघाटाची चढण लागते. वर खिंडीच्या तोंडाशी सातवाहनांची गुहा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची. जुन्नरकडे जाणारा सगळा व्यापार याच वाटेनं वर चढायचा, म्हणजे जागा अगदी चौकाची. गुहेच्या आत भिंतीवर राजघराण्यातल्या मंडळींचे पुतळे ओळीनं कोरले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. बाजूच्या भिंतींवर कुणी किती यज्ञ केले, दक्षिणा काय दिली, गायी किती, घोडे किती, हत्ती, गावं, कार्षापणं, सगळं आकड्यांनिशी. आपल्याकडच्या सगळ्यांत जुन्या कोरीव आकड्यांत ते गणले जातात, विद्वान दुरून दुरून ते वाचायला येतात. मी वाचायला गेलो नव्हतो, पण बघताक्षणी ओळखलं. ओळीनं फोटो, फोटोवर नाव, बाजूला विकासकामांची यादी, निधीसह! पुतळे आता नाहीत, पायांच्या खुणा उरल्यात. नावं तेवढी आहेत.

त्यातली खरी मजा पुढेच. पुतळ्यांवरच्या त्या नावांत राणी नागनिकेचं नाव आधी आहे आणि राजा सातकर्णीचं नंतर. हे मी भाऊंना कौतुकानं सांगितलं. भाऊ जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “तेव्हाबी महिला आरक्षण होतं का काय?”

वहिनी आतून हसल्या. ते हसणं मी ऐकलं, कारण मी दाखल्यासाठी त्यांच्याच ओट्यावर बसलो होतो. पुतणीच्या आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा होता, त्याला नगरसेवकाच्या सही-शिक्क्याचं पत्र चालतं. छापील नमुना भाऊंनी मोत्यासारख्या अक्षरात भरला. पत्ता, जन्मतारीख, सगळं. पुतणीचा फोटो चिकटवला. मग कागद घेऊन आत गेले, कारण सही वहिनींची. वहिनी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी हात झटकला, पदराला पुसला, पेन घेतलं, आणि सही करायच्या आधी कागद वाचला. भाऊंनी कधी वाचलेला मी पाहिला नव्हता. “हिचं लग्न झालं ना माघात? मग आता ही इथं कुठं राहते?” मी म्हटलं, “राहत नाही, वहिनी. पण नवऱ्याचं घर भाड्याचं, मालक कागद देत नाही.” वहिनींनी घटकाभर माझ्याकडे पाहिलं. “सासरच्या नगरसेविकेकडं जा. न्यायची तर माझी ओळख घेऊन जा. मी फोन करते.” पत्र फाडलं नाही, घडी करून चुलीशेजारच्या फळीवर ठेवलं. त्यावर तांदळाच्या पिठाचं बोट उमटलं होतं. पुतणीचं काम चार दिवसांत झालं. भाऊंच्या मोत्यासारख्या अक्षरानं ते झालं नसतं असं नाही, पण खोटं झालं असतं.

बायकांना हे आमच्या आधी कळलं होतं. २०२४ च्या जुलैत ‘लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले. महिना दीड हजार रुपये. त्या पंधरवड्यात त्या ओट्यावर मुंगीला जागा नव्हती. उत्पन्नाचा दाखला आहे का, रेशन कार्ड कुठल्या रंगाचं, बँकेत आधार जोडलंय का, माहेरचं नाव कागदावर की सासरचं. वहिनी पोरीच्या मोबाइलवर अर्ज भरत होत्या, ओटीपी येईपर्यंत एकीकडे लसूण सोलत होत्या. भाऊ आत-बाहेर करत होते. एकदोघींना त्यांनी विचारलं, “काय काम होतं? मला सांगा.” त्या म्हणाल्या, “तुमच्याकडं नाय, वहिनींकडं.” हे वाक्य भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या रात्री त्यांनी माझ्याकडून दोन गोळ्या नेल्या. हळद तर कुठंच नव्हती.

आणि मग माघात तात्या गेले.

आमच्याकडे दशक्रिया हा लग्नाइतकाच मोठा कार्यक्रम असतो. सकाळी साडेसातला नदीकाठी मंडप, सतरंज्या, महाराजांचं प्रवचन, आणि प्रवचनानंतर श्रद्धांजली. श्रद्धांजलीला माईकवर यायचा क्रम पक्षानुसार असतो. भाऊंच्या त्या दिवशी तीन दशक्रिया होत्या, दोन नद्यांवर. ते घड्याळ बघत पहिल्या रांगेत बसले. तात्यांविषयी बरं बोलले. “तात्यांच्या जाण्यानं वॉर्डात पोकळी निर्माण झाली आहे,” असं म्हणाले. मला वाटतं त्यांना आवाजातली पोकळी म्हणायचं असावं.

तिकडे पिंड ठेवला. कावळा येईना.

म्हणजे कावळे होते. उंबरावर सात-आठ तरी होते. एकही खाली उतरेना. मोठा मुलगा हात जोडून म्हणाला, “आईला नीट सांभाळू.” काही नाही. धाकटा म्हणाला, “नातवाचं शिक्षण पुरं करू.” काही नाही. मग दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मोठा घसा खाकरून म्हणाला, “वाटण्या सारख्या करू.” एक कावळा उडाला, पण पलीकडच्या काठावर गेला. ऊन चढायला लागलं. महाराजांना पुढे सरळगावला जायचं होतं. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून काकू, म्हणजे तात्यांच्या बायको, शांतपणे म्हणाल्या, “गटाराचं सांगा त्यांना.”

पाचशे माणसांनी एकदम भाऊंकडे पाहिलं.

भाऊ उठले. पिंडापुढे आले, हात जोडले आणि सवयीनं म्हणाले, “तात्या, गटाराचं बघतो मी.”

कावळा ढिम्म हलला नाही. ‘बघतो’ हे उत्तर न चाललेला आमच्या वॉर्डातला तो पहिला नागरिक.

“साहेबांच्या कानावर घातलंय.” कावळ्यानं मान दुसरीकडे केली. मागून कुणीतरी म्हणालं, “भाऊ, तारीख सांगा.” भाऊंनी कपाळावरचा घाम पुसला. “पावसाळ्याआधी.” एक कावळा एक फांदी खाली आला. “कुठला पावसाळा?” हे काकूंनी विचारलं. “ह्याच! मे अखेर! बंदिस्त, वर झाकणं टाकून!” आणि तो काळा नागरिक सरळ खाली आला, पिंडाला चोच लावली, वर पाहिलं आणि गेला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या शेजारचे मास्तर हळूच म्हणाले की त्याच वेळी पिंडाशेजारचा कॅमेरावाला बाजूला झाला, म्हणून कावळा उतरला. मास्तर विज्ञानाचे. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, पण त्यांनीही ते वाक्य मोठ्यानं म्हटलं नाही.

नगरपंचायतीचा ठराव मोडता येतो. तो पुढे ढकलता येतो, त्यात दुरुस्ती करता येते, निधी दुसऱ्या कामाला वळवता येतो. कावळ्याला दिलेल्या शब्दात यातलं काहीच करता येत नाही. भाऊंनी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी वहिनींनी जेवताना विचारलं, “कावळ्याला काय सांगून आलात?” मग वहिनींनीच जुनी कागदपत्रं काढली. तात्यांचं गटार याआधी तीनदा मंजूर झालं होतं, तीन वेगवेगळ्या नावांनी, आणि तिन्ही वेळा पलीकडच्या आळीत झालं होतं. वहिनींनी स्वतः टेप धरली. एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं तात्यांच्या नातवाच्या. त्रेचाळीस मीटर. सभेत त्या काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, कारण या खेपेला भाऊंनी ओट्यावर येऊन काही रंगवून सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, “झालं मंजूर.” काम सुरू झालं तेव्हा वहिनी रोज सकाळी भाजीला जाताना तिथून जायच्या आणि लोखंडी सळ्या मोजायच्या. ठेकेदार त्यांना ‘ताई’ म्हणायचा, मग ‘मॅडम’ म्हणायला लागला.

२९ मे ला, संध्याकाळी पाचला, उद्घाटन. नव्या झाकणांवर रांगोळी. भिंतीत संगमरवरी फलक, त्यावर साहेबांपासून सुरुवात करून खाली-खाली नावं. स्थानिक नगरसेविका म्हणून वहिनींचं नाव शेवटून दुसरं, आणि भाऊंचं नाव त्यावर नव्हतंच. ते लावायला कुठला नियम सापडला नसावा. तरी बोलायला भाऊच उभे राहिले. काकू खुर्चीवर होत्या, मांडीवर नारळ. भाऊ म्हणाले, “दिवंगत तात्यांचं स्वप्न आज…” आणि एक कावळा येऊन फलकावर बसला. बरोबर साहेबांच्या नावावर. भाषण अडलं. पोरं खिदळायला लागली. भाऊंनी हातातला कागद हलवून त्याला हाकलायला सुरुवात केली.

“हाकलू नको रे,” काकू म्हणाल्या. “त्यांनाबी येऊन जाऊ दे.”